हात का चावतो, ते आधी विचारा

"लक्ष देऊ नका, आपोआप बंद होईल."

मूल ओरडलं किंवा स्वतःला चावलं की स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या आईवडिलांना हा सल्ला शाळेतून मिळतो, थेरपी सेंटरमधून मिळतो, शेजारच्या काकूही तोच देतात. मी विशेष शिक्षिका आहे. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मीही तो बिनदिक्कत देत होते, आणि देताना आपण शास्त्राला धरून बोलतोय अशी माझी खात्री होती. त्या खात्रीची किंमत सहा वर्षांच्या एका मुलाच्या हाताने मोजली.

तो सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून यायचा. आई त्याला सकाळच्या एसटीने घेऊन यायची. मुलगा बोलत नव्हता. टेबलावर मणी ओवायचा ट्रे ठेवला की दोन-तीन मिनिटांत तो डाव्या हाताला चावायचा, अंगठा मनगटाला मिळतो बरोबर त्या जागी. तिथली कातडी जाड आणि काळपट होऊन घट्टा पडला होता. मी तेव्हा ज्या सेंटरमध्ये होते तिथली पद्धत ठरलेली होती. तो चावला की त्याच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, ट्रे बाजूला सरकवायचा आणि तोंड फिरवून बसायचं. शांत झाला की पुन्हा सुरुवात. मी वहीत रोज रेघा मारत होते. पहिल्या आठवड्यात दिवसाला सात-आठ, तिसऱ्या आठवड्यात वीसच्या पुढे. एक दिवस घट्ट्यातून रक्त आलं. आई म्हणाली, "मॅडम, हा मुद्दाम करतो का हो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती वही मी एका ज्येष्ठ शिक्षिकेला दाखवली. त्यांनी एवढंच विचारलं, "चावल्यावर त्याला मिळतं काय?" मी म्हटलं, "काहीच नाही. आम्ही बघतसुद्धा नाही." त्या म्हणाल्या, "ट्रे कुठे जातो?"

ट्रे बाजूला जात होता. त्याला मणी ओवायचे नव्हते. भोकं बारीक होती, दोरा हातातून निसटत होता, आणि "नको" म्हणायला त्याच्याकडे शब्द नव्हता. चावलं की काम टळतं, हे तीन आठवडे मीच त्याला शिकवत होते. दुर्लक्ष समजून मी जे करत होते, ते त्याच्यासाठी बक्षीस होतं.

वर्तन कशामुळे वाढतं-कमी होतं ते बघून ते बदलायचं शास्त्र म्हणजे उपयोजित वर्तन विश्लेषण. ज्याला सगळेच 'एबीए' म्हणतात, त्याबद्दल मला जे सांगायचं आहे ते या ट्रेपाशी सुरू होतं. वर्तन काय काम करतंय हे शोधल्याशिवाय ते थांबवायचा हक्क कुणालाही नाही. ना थेरपिस्टला, ना शाळेला, ना आईवडिलांना. हे मी केवळ दयेपोटी म्हणत नाही. या शास्त्राचा पायाच तसा घातलेला आहे. आपण मात्र शास्त्राचे शब्द उचलले आणि पाया तिथेच ठेवला.

शब्दांपासून बघू. डी.एड.च्या पुस्तकात 'प्रबलन' असतं, सेंटरमध्ये त्यालाच रिइन्फोर्समेंट म्हणतात. बहुतेकांच्या मनात त्याचा अर्थ चॉकलेट असा बसला आहे. पण एखादी गोष्ट प्रबलक आहे की नाही हे देणारा ठरवत नाही. ती मिळाल्यामुळे पुढच्या वेळी ते वर्तन वाढलं, तरच ती प्रबलक. ज्या मुलाला चॉकलेटचा चिकटपणा सहन होत नाही त्याच्यासाठी चॉकलेट प्रबलक नाही, आणि ज्या मुलाला बाईंचा चढलेला आवाज ऐकून मजा वाटते त्याच्यासाठी ओरडणं हे प्रबलक आहे, बाईंना ते शिक्षा वाटत असलं तरी. शिक्षेचंही तसंच. शास्त्रात शिक्षा म्हणजे ज्याच्यामुळे वर्तन कमी होतं ते. वर्षभर रोज फटका देऊनही तेच घडत असेल, तर त्या फटक्याला शास्त्राचा आधार नाही. तो फक्त मोठ्या माणसाचा राग आहे.

सगळ्यात हाल झाले ते ऋण प्रबलनाचे. 'ऋण' दिसलं की लोक शिक्षा समजतात. परीक्षेत मुलं तसं लिहितात, आणि थेरपिस्ट म्हणून काम करणारी माणसं तसं बोलतानाही मी ऐकली आहेत. ऋण म्हणजे काहीतरी काढून घेतलं जाणं, आणि प्रबलन म्हणजे वर्तन वाढणं. डोकं दुखायचं थांबतं म्हणून आपण पुढच्या वेळी गोळी लवकर घेतो, ते ऋण प्रबलन. एसटीत मूल किंचाळायला लागतं, सगळी बस वळून बघते, आई मोबाइल हातात देते, मूल गप्प होतं. इथे दोघंही शिकली. मुलाला किंचाळल्यावर मोबाइल मिळाला. आईला मोबाइल दिल्यावर किंचाळी आणि त्या चाळीस नजरा यांतून सुटका मिळाली, म्हणून उद्या ती आणखी लवकर मोबाइल काढेल. यात आईचा दोष काढणाऱ्यांना मी सांगत असते की तिच्यावरही तोच नियम चालतोय जो मुलावर चालतोय. तिला दोष देऊन काही बदलत नाही. तिला दुसरा रस्ता दाखवावा लागतो, आणि त्या बसमधल्या लोकांनी खिडकीबाहेर बघितलं तरी खूप मदत होते.

आता 'लक्ष देऊ नका' या सल्ल्याकडे येते. त्याच्यामागे विलोपन ही कल्पना आहे. ज्या गोष्टीमुळे वर्तन टिकून आहे ती गोष्ट मिळणं बंद झालं की वर्तन हळूहळू विरतं. व्याख्येतच अट आहे: ज्या गोष्टीमुळे टिकून आहे, ती. मूल लक्ष मिळावं म्हणून ओरडत असेल तर लक्ष न देणं हे विलोपन. काम टाळायला ओरडत असेल तर लक्ष काढून घेणं आणि काम बाजूला ठेवणं हे बक्षीस. आणि कान दुखतोय म्हणून मूल कानावर हात मारत असेल तर दुर्लक्ष म्हणजे फक्त आजारी मुलाला एकटं टाकणं. वर्तन तेच असतं, सल्लाही तोच दिला जातो, आणि परिणाम तिन्ही ठिकाणी वेगळे होतात. म्हणून मी आता कोणत्याही मुलाच्या आईला पहिल्या दिवशी सांगते की आधी डॉक्टरांकडून कान, दात आणि पोट तपासून घ्या. ज्याला बोलता येत नाही त्याचं दुखणं वर्तनातूनच बाहेर येतं.

विलोपनाचं आणखी एक अंग पालकांना कुणी सांगत नाही. नळाला पाणी आलं नाही तर आपण काय करतो? तोटी पूर्ण फिरवतो, पुन्हा बंद करतो, नळावर एक थाप मारतो. रोज मिळणारी गोष्ट अचानक बंद झाली की वर्तन आधी उसळतं. मूलही तेच करतं: जास्त जोरात ओरडतं, डोकं आपटतं. त्या उसळीच्या टोकाला घाबरून आई हवं ते देते, आणि मूल शिकतं की ओरडून भागत नसेल तर डोकं आपटावं. हे आधी सांगितलेलं नसेल, इजा झाली तर काय करायचं ते ठरलेलं नसेल, तर 'दुर्लक्ष करा' हा सल्ला धोकादायक आहे. दहा वेळा नाही आणि अकराव्यांदा हो, याने वर्तन सगळ्यात चिवट होतं. मटका खेळणाऱ्या माणसाच्या घरच्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

'लक्ष वेधून घेण्यासाठी करतो' हे निदान आपल्याकडे इतक्या सहज दिलं जातं की त्याच्याविरुद्ध आकडे मांडणं भाग आहे. अमेरिकी संशोधक ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली बाल्टिमोरच्या केनेडी इन्स्टिट्यूटमधला अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतःला इजा करून घेणाऱ्या नऊ जणांना त्यांनी आलटून पालटून चार परिस्थितींत ठेवून बघितलं. एकीत इजा केल्यावर लक्ष दिलं जाई, एकीत काम थांबवलं जाई, एकीत मूल एकटं असे, एकीत खेळ आणि मोकळेपणा. कोणत्या परिस्थितीत वर्तन वाढतं त्यावरून त्याचं काम कळतं. पुढे १९९४ मध्ये त्यांनी अशा १५२ व्यक्तींच्या तपासण्या एकत्र मांडल्या. सुमारे ३८ टक्के जणांत वर्तनाचं काम होतं नकोशा गोष्टीतून सुटका. सुमारे २६ टक्के जणांत लक्ष किंवा वस्तू मिळणं, आणि जवळजवळ तेवढ्याच जणांत माणसांशी संबंधच नव्हता. शरीराला मिळणारी संवेदना हेच कारण होतं. म्हणजे लक्ष वेधणं हे कारण चारांतल्या एखाद्याच्या बाबतीत होतं. आपण ते चारही जणांना चिकटवतो.

कारण कळलं की करायचं काय? माझ्या त्या मुलाबाबतीत सेंटरमधल्या काहींचं म्हणणं पडलं की आता त्याला सुटू द्यायचं नाही. हात धरून मणी ओवून घ्यायचे, कितीही रडला तरी. पुस्तकात यालाही नाव आहे, आणि त्याने वर्तन कमी होतंही. तरी मी नाही म्हटलं. मोठी माणसं हात दाबून धरतात आणि 'नको' कुणी ऐकत नाही, हा धडा एका न बोलणाऱ्या मुलाला देणं मला मान्य नव्हतं. उद्या कुणी वाईट हेतूने त्याचा हात धरला तर त्याने काय करावं?

त्यापेक्षा चांगला रस्ता १९८५ पासून उपलब्ध आहे. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी चार मुलांच्या अभ्यासात दाखवलं की त्रासदायक वर्तन जे काम करतं तेच काम करणारं बोलणं शिकवलं, की वर्तनाची गरज उरत नाही. ज्याला काम अवघड जातंय त्याला मदत मागायला शिकवायचं, ज्याला लक्ष हवंय त्याला ते मागायला शिकवायचं. पण नेमकं तेच. लक्ष हवं असलेल्याला मदत मागायला शिकवून उपयोग होत नाही. आम्ही पुठ्ठ्यावर उघड्या तळहाताचं चित्र काढलं, त्यावर चिकटपट्टी लावली, ते ट्रेशेजारी ठेवलं. मणी मोठ्या भोकांचे आणले, दोऱ्याऐवजी बुटाची नाडी. तो चावायच्या आधी, हात नुसता तोंडाकडे निघाला की मी त्याचा हात हलकेच कार्डाला लावायची, "थांबू" म्हणायची आणि ट्रे खरोखर उचलून ठेवायची. पहिल्या दिवशी असं सतरा वेळा केलं. पाचव्या दिवशी त्याने आपणहून कार्डावर हात ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं, ट्रे जातो का ते बघायला. ट्रे गेला. दीड महिन्याने तो सहा मणी ओवून मग कार्डाला हात लावायचा. घट्टा मात्र अजून आहे.

हे सगळं एबीएच होतं, त्याच्या तत्त्वांना धरून. म्हणून एबीए सरसकट टाकून द्या म्हणणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही. पण त्यांचा राग कुठून येतो ते आपण प्रामाणिकपणे वाचलं पाहिजे, कारण तो हवेतून आलेला नाही. मानसशास्त्रज्ञ इवार लोव्हास यांचा १९८७ चा अभ्यास आजही जाहिरातींत येतो: १९ मुलं, आठवड्याला ४० तास थेरपी, त्यातली ९ सर्वसाधारण मुलांच्या बरोबरीला आली. जाहिरातीत हे येत नाही की मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडले नव्हते, आणि उपचारात दरडावणं व मांडीवर चापट मारणंही होतं. त्याच लोव्हास यांनी जॉर्ज रेकर्स यांच्याबरोबर १९७४ साली एक शोधनिबंध लिहिला. त्यात पाच वर्षांच्या एका मुलाचं 'मुलींसारखं' वागणं प्रबलनाने मोडून काढलं होतं. तो ज्या नियतकालिकात छापून आला ते या शास्त्राचं सगळ्यात मानाचं नियतकालिक. त्याच्या संपादकांनी त्या लेखाबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली ती २०२० मध्ये. मॅसॅच्युसेट्समधल्या जज रोटेनबर्ग सेंटरमध्ये दिव्यांग व्यक्तींना विजेचे झटके देणारं यंत्र वापरलं गेलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्यावर बंदी घातली आणि २०२१ मध्ये कोर्टाने ती उठवली. हातात ताकदवान हत्यार असलं आणि 'हे कुणासाठी' हा प्रश्न नसला की काय होतं, त्याचे हे लेखी पुरावे आहेत.

आणि तो प्रश्न शास्त्राच्या नावातच होता. १९६८ साली डोनाल्ड बेअर, माँट्रोज वुल्फ आणि टॉड रिस्ली यांनी त्या नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात या विद्येची सात लक्षणं सांगितली. पहिलं लक्षण 'उपयोजित': जे बदलायचं ते त्या माणसाच्या आयुष्यात महत्त्वाचं असलं पाहिजे. वुल्फ यांनी चार वर्षं आधी हे करून दाखवलं होतं. डिकी नावाने ओळखला जाणारा साडेतीन वर्षांचा स्वमग्न मुलगा, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर चष्मा लावला नाही तर दृष्टी जाणार. काचा नसलेल्या नुसत्या फ्रेमपासून सुरुवात केली. ती हातात धरली तरी खाऊ, मग डोळ्यांजवळ नेली की खाऊ, असं एकेक पायरी चढवत तो चष्मा वापरायला लागला. वर्तनाला आकार देणं ते हे. त्यात मुलाचा फायदा कुठे आहे हे कुणालाही विचारावं लागत नाही. याच वुल्फ यांनी १९७८ मध्ये आपल्या सहकाऱ्यांना बजावलं की तुमचं उद्दिष्ट, तुमची पद्धत आणि तुमचा परिणाम, तिन्हींबद्दल ज्यांच्या आयुष्यात तुम्ही हात घालता त्यांना विचारा.

आता आपल्याकडच्या उद्दिष्टांच्या याद्या बघा. 'हात फडफडवणं बंद करणं.' कुणासाठी? आनंद झाला की ते मूल हात फडफडवतं, त्याने कुणाला लागत नाही, त्याचं काही अडत नाही. पाहुण्यांसमोर संकोच वाटतो तो आपल्याला. 'डोळ्यांत बघणं, पाच सेकंद.' अनेक स्वमग्न प्रौढांनी लिहून ठेवलं आहे की डोळ्यांत बघायला लावलं की त्यांना समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. 'जागेवर बसणं, वीस मिनिटं.' शांत बसलेलं मूल काही शिकतंच असं नाही.

भाषेचा मुद्दा तर कुणी काढतच नाही. मराठी घरातल्या मुलाला सेंटरमध्ये सूचना मिळतात 'सिट डाउन', 'हँड्स डाउन', 'लुक अॅट मी'. मूल तिथे 'आय वाँट वॉटर' म्हणायला शिकतं, प्रगतिपुस्तकात टिकमार्क पडतो, आणि घरी आजी "पाणी पाहिजे का रे बाळा?" म्हणते तेव्हा ते गप्प उभं राहतं. शिकलेलं दुसऱ्या जागी, दुसऱ्या माणसाबरोबर टिकणं हेसुद्धा १९६८ च्या त्या सात लक्षणांपैकी एक आहे. घरच्या भाषेत न शिकवलेलं कौशल्य या शास्त्राच्या स्वतःच्या कसोटीवर नापास आहे.

हे बघायचं कुणी? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्वमग्नता घेतली आणि क्रूर, अमानवी वागणुकीपासून संरक्षणाची जबाबदारी सरकारवर टाकली. विशेष शिक्षक म्हणून माझी नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे आहे; १९९२ च्या तिच्या कायद्यातल्या यादीत वर्तन विश्लेषक, म्हणजे एबीए करणारा, हा व्यवसायच नाही. वर्तन विश्लेषकांना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकेतल्या मंडळाने १ जानेवारी २०२३ पासून मोजके देश सोडून बाकीच्यांचे अर्ज घेणं थांबवलं, त्या बाकीच्यांत भारतही आला. आरोग्यसेवेशी संलग्न व्यवसायांसाठी केंद्राने २०२१ मध्ये कायदा केला, त्याच्या अनुसूचीत 'बिहेव्हियरल अॅनालिस्ट' हा शब्द आहे. पण आज कुठल्याही तालुक्याच्या गावी थोड्या दिवसांचा कोर्स करून 'एबीए थेरपिस्ट' अशी पाटी लावणाऱ्याला त्याने अडवलेलं मला दिसलेलं नाही. तासाला ५०० रुपये धरले, तरी ४० तासांचे आठवड्याला २० हजार होतात. शेती विकून हे पैसे भरायला तयार असलेले बाप मी पाहिले आहेत. एवढं घेणाऱ्याकडून आपण काय मागतो? एक प्रगतिपुस्तक, तेही इंग्रजीत.

माझी मागणी एका पानाची आहे, आणि ती नियमात यायला हवी. कोणत्याही मुलाचं कोणतंही वर्तन कमी करायला हात घालण्याआधी पालकांच्या हातात मराठीत लिहिलेलं एक पान द्यावं. वर्तन कोणतं, त्याचं काम काय, ते कसं शोधलं, त्याऐवजी काय शिकवणार, आणि मुलाने 'नको' कसं सांगायचं व ते सांगितलं की आम्ही काय करू. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पालकांनी सही केली म्हणजे मुलाची संमती मिळाली असं होत नाही. न बोलणारं मूल मान फिरवतं, अंग आक्रसतं, दाराकडे जातं. हे त्याचं उत्तर असतं आणि ते वाचणं हे आमचं काम आहे. अमेरिकेतल्या वर्तन विश्लेषकांच्या २०२२ पासून लागू झालेल्या आचारसंहितेत, जिथे शक्य आहे तिथे, मुलाच्या होकाराचा उल्लेख आला आहे. आपल्याला तो कुणाकडून उसना आणायची गरज नाही, एक शासन निर्णय पुरेल.

'यासाठी वेळ कुठे आहे' असं सहकारी म्हणतात. एका मुलाच्या आधी-नंतरच्या नोंदी करायला मला साधारण आठवडा लागतो. उभे तीन रकाने: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय मिळालं. सातवी शिकलेल्या आया हे रकाने माझ्यापेक्षा नेमके भरतात, कारण त्यांना कुकरच्या कितव्या शिट्टीला मूल कान झाकतं तेही ठाऊक असतं. चुकीच्या कारणावर सहा महिने उपचार करण्यापेक्षा हा आठवडा स्वस्त आहे.

तो मुलगा आता बारा वर्षांचा आहे. हाताचं ते कार्ड वापरून वापरून दोनदा फाटलं. गेल्या महिन्यात आईने घरीच नवीन केलं, वहीचा पुठ्ठा कापून, वर प्लॅस्टिक लावून, आणि ते दाखवायला मुद्दाम माझ्याकडे आली. एका बाजूला तोच तळहात होता. मागच्या बाजूला तिने लाल स्केचपेनने फुली काढून खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'नको'. म्हणाली, "मॅडम, परवा मामा त्याला उचलून घ्यायला लागले, तर ह्याने हेच दाखवलं. मामांनी खाली ठेवला त्याला."